तेल संपल्यावर तिमोर-लेस्ते टिकेल का, आणि भारताला त्या देशाशी संबंध ठेवून काय मिळणार?

टिकेल, असे माझे ठाम मत आहे. तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो, कारण जवळजवळ याच शब्दांत माझे थोरले बंधू मला तो कित्येक वर्षे विचारत आले आहेत. ते बँकेत अधिकारी होते. जेमतेम १३ लाख लोकवस्ती, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला अर्धे बेट, चलन अमेरिकी डॉलरचे आणि तेल वगळले तर निर्यात म्हणजे कॉफी. असा देश कोणत्याच हिशेबात बसत नाही, त्यापेक्षा १९७५ पासून ज्याच्या ताब्यात होता त्या इंडोनेशियातच तो राहिला असता तर लोकांचे भले झाले असते, असे त्यांचे म्हणणे.

२००७ साली मी संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक म्हणून एर्मेरा या डोंगराळ, कॉफीच्या जिल्ह्यात निवडणुकीच्या कामावर होतो. आदल्या वर्षी सैन्यातून काढून टाकलेल्या सुमारे ६०० सैनिकांच्या प्रश्नावरून राजधानी दिलीत गोळीबार आणि जाळपोळ झाली होती, पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे अशी फूट पडून दीड लाखाच्या आसपास माणसे घरे सोडून छावण्यांत राहत होती आणि पंतप्रधान मारी अल्कातिरी यांना राजीनामा द्यावा लागला होता. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेचे प्रमुख तेव्हा आपले अतुल खरे होते. अशा वातावरणात ९ एप्रिलला राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीचे मतदान झाले. आमच्या केंद्राची मोजणी शाळेच्या वर्गात, कंदिलाच्या उजेडात झाली. तेथे मतदार खिळ्याने मतपत्रिकेला भोक पाडतात. केंद्रप्रमुख एकेक मतपत्रिका डोक्यावर धरून खिडक्यांकडे फिरवीत असे आणि त्या भोकातून कंदिलाचा उजेड दिसला की बाहेर दाटीने उभे असलेले लोक स्वतःच्या कागदावर रेघ ओढीत. अल्कातिरींच्या फ्रेटिलिन पक्षाच्या प्रतिनिधीचा उमेदवार त्या केंद्रावर बराच मागे पडला होता. एका मतपत्रिकेवर भोक दोन चौकटींच्या रेषेवर आले होते, त्यावर त्याने हरकत घेतली. ती ऐकून घेतली गेली, मतपत्रिका वेगळ्या पाकिटात गेली आणि मोजणी पुढे चालू राहिली. दिलीत त्याच्या सख्ख्या भावाचे घर जळले होते, हे वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक होते. मध्यरात्रीनंतर त्याने अहवाल दोनदा वाचला आणि सही केली. केंद्राबाहेर पोलीस दोनच होते, त्यामुळे ती सही धाकाने झाली असे कोणी म्हणू शकणार नाही.

घरी परतल्यावर हे सांगितले तेव्हा दादांनी विचारले, 'सह्यांनी पोट भरते का?' प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांतच द्यावे लागते. नॉर्वेच्या धर्तीवर २००५ मध्ये उभारलेल्या पेट्रोलियम निधीत आज सुमारे १८ अब्ज डॉलर आहेत. नियमाप्रमाणे दरवर्षी पेट्रोलियम संपत्तीच्या ३ टक्के एवढीच रक्कम काढणे अपेक्षित असते, पण सरकारे वर्षानुवर्षे त्याहून जास्त काढत आली आहेत, आणि समुद्रातील ज्या बायू-उंदान तेल-वायू क्षेत्राने हा निधी भरला त्याचे उत्पादन २०२५ मध्ये थांबले. पाच वर्षांखालील जवळजवळ निम्म्या मुलांची वाढ खुंटलेली असताना दक्षिण किनाऱ्यावर सुआईचा विमानतळ आणि महामार्ग बांधण्यात पैसा घालणे ही माझ्या मते सरळ सरळ चूक होती. उरलेली आशा ग्रेटर सनराइज या वायुक्षेत्रावर आहे. ऑस्ट्रेलियाने २००४ मध्ये तिमोरच्या मंत्रिमंडळाच्या खोलीत चोरून ऐकण्याची यंत्रे बसवून समुद्रातील तेल-वायूच्या वाटाघाटींत वरचष्मा मिळवला होता. तरीही या छोट्या देशाने सागरी कायद्याखालील सक्तीच्या समेटाचा (एका देशाने मागितला की दुसऱ्याला आयोगापुढे यावेच लागते) मार्ग जगात पहिल्यांदा वापरला आणि २०१८ च्या करारात समुद्रातील सीमा आखून घेतली. वायू तिमोरला आणला तर ७० टक्के, ऑस्ट्रेलियाला नेला तर ८० टक्के उत्पन्न तिमोरचे, असे ठरले. नळ कुठे न्यायचा यावरच अजून अडले आहे.

देश टिकण्याचा संबंध मात्र मी निधीपेक्षा त्या सहीशी लावतो. जुझे रामोस-ओर्ता २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदावर असताना पहिल्याच फेरीत हरले आणि पायउतार झाले. २०२२ मध्ये त्यांच्याकडून पदावरचे लू-ओलो हरले आणि तेही गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये ६५ खासदारांसाठी नव्या गाड्या घेण्याच्या बेताविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा संसदेने गाड्याही सोडल्या आणि आजन्म निवृत्तिवेतनावरही पाणी सोडले. २०२३ च्या पत्रकारिता स्वातंत्र्याच्या जागतिक यादीत त्यांचा क्रमांक १० होता, आपला १६१. त्याच वर्षी म्यानमारच्या लोकशाहीवादी गटांशी संबंध ठेवल्याबद्दल तेथील लष्करी राजवटीने तिमोरच्या राजदूतावासाच्या प्रमुखाला हाकलले, आणि आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाची दारे ठोठावत असतानाही दिलीने शब्द मागे घेतला नाही. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी ते ११ वे सदस्य झालेच.

भारताला व्यापारात फारसे काही मिळणार नाही, ही अपेक्षाच ठेवू नये. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू ऑगस्ट २०२४ मध्ये दिलीला जाऊन आल्या, त्याआधी तेथे दूतावास उघडण्याची घोषणा झाली होती, हे उशिरा का होईना बरे झाले. चीनने त्यांना राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय बांधून दिले आहे. आपण डॉक्टर आणि निवडणूक अधिकारी घडवायला मदत करावी, ते आपल्याला जमते. दोन्ही पोर्तुगीजांच्या ताब्यात असताना १८४४ पर्यंत तिमोरचा कारभार गोव्याहून चालत होता, हे गोव्यातही आज किती जणांना ठाऊक असेल!

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. १९७५ मध्ये इंडोनेशियाविरुद्ध उभी राहिलेली पिढीच अजून राज्य करते आहे, स्वातंत्र्यलढ्याचे नेते शनाना गुझमाव ऐंशीच्या घरात आहेत, आणि तरुण ऑस्ट्रेलियाच्या शेतांवर व कोरियाच्या कारखान्यांत मजुरीला जातात. ही पिढी गेल्यावर काय होईल, याची मलाही काळजी वाटते. पण इंडोनेशियात राहण्याचा सल्ला देणाऱ्यांनी, आणि यात दादाही आले, एवढे लक्षात घ्यावे की तो पर्याय त्या लोकांसमोर ३० ऑगस्ट १९९९ रोजी खरोखरच ठेवला होता. गावोगाव सशस्त्र टोळ्या फिरत असताना ९८ टक्क्यांहून अधिक मतदार आले आणि ७८.५ टक्क्यांनी इंडोनेशियाअंतर्गत स्वायत्तता नाकारून स्वातंत्र्य निवडले. त्याची शिक्षा म्हणून देशाचा बहुतेक भाग जाळला गेला. आसियानमध्ये त्यांची बाजू पुढे सर्वांत आग्रहाने त्याच इंडोनेशियाने मांडली.