पहिल्या कॅरिबियन क्रूझला निघताना

तुम्ही दोघं पहिल्यांदाच जाताय, म्हणून आधी व्हिसाचं सांगते. मायामीहून सुटलेलं जहाज बाहेरची बंदरं करून पुन्हा अमेरिकेतच येतं. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा हवाच. बाकी बेटांचे नियम एकेक करून तपासा.

विमानाने आदल्या दिवशीच पोचा. आम्ही पहिल्या खेपेला त्याच सकाळी उतरलो, सामान उशिरा आलं आणि जहाजावर पाय ठेवेपर्यंत जीव टांगणीला लागला होता.

खोली जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर घ्या. तिथे हेलकावे कमी जाणवतात. ह्यांना बोट लागते; दुसऱ्या खेपेला तशी खोली घेतली आणि ते रात्रभर शांत झोपले. वरच्या बाल्कनीपेक्षा मला ते सुख मोठं वाटलं.

बंदरावर उतरलात की घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेवा. उन्हाळ्यात मेक्सिकोचं कोझुमेल बेट मायामीच्या एक तास मागे असतं आणि मोबाईल आपोआप तिथली वेळ दाखवू लागतो. ग्रँड केमन बेटाला मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत, छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. येताना शेवटच्या बोटीच्या भरवशावर राहू नका. पण उतरा नक्की. तिथल्या उथळ पाण्यात वाळूवर उभं राहिलं, की स्टिंग रे मासे पायांना घासून जातात. मी घाबरून ह्यांचा हात धरला तो अर्धा तास सोडलाच नाही.

तारखा ठरवताना १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम शक्यतो टाळा.