शिकाऊ विमानं उतरतानाच जास्त का आपटतात?

मुलगा बारावीनंतर पायलट व्हायचं म्हणतोय आणि शिकाऊ विमानांच्या बातम्या वाचून घरचे धास्तावलेत, असं तुम्ही लिहिलंय. मी पुण्याचाच. शिकताना एका सेस्नाचा (शिकायचं छोटं विमान) प्रोपेलर मी स्वतः वाकवलाय, तेव्हा सांगायला हरकत नाही.

सेस्ना १७२ उतरताना साधारण ६५ नॉटने येतं, म्हणजे ताशी १२० किलोमीटर. एक्स्प्रेसवेवर लोक गाडी हाणतात तेवढंच. जमीन पाच-सहा मीटरवर आली की नाक हळूहळू उचलायचं, वेग मरू द्यायचा आणि मागची दोन चाकं आधी टेकवायची. हा झाला फ्लेअर. जेमतेम काही सेकंदांचं काम, पण नजर धावपट्टीच्या पार टोकाला हवी. नवशिका बघतो नाकासमोर.

सोलो, म्हणजे सरांशिवाय एकट्यानं उडवणं, सुरू होऊन मला दोनच आठवडे झाले होते. एप्रिलची दुपार, धावपट्टी तव्यासारखी तापलेली, आणि मी दहा नॉट जास्त घेऊन आलो. जास्त वेगातलं विमान जमिनीलगत तरंगतच राहतं, टेकायचं नाव घेत नाही. धावपट्टी संपत चाललेली दिसली, मी घाबरून नाक खाली दाबलं. पुढचं चाक आधी आपटलं, विमान उडालं. पुन्हा दाबलं, आणखी उंच उडालं. आपला हात कायम एक उडी मागे असतो, हे तेव्हा कळलं. तिसऱ्या वेळी खर्रकन आवाज आला आणि इंजिन बंद. मग नुसती विंडसॉकची, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीची, फडफड. प्रोपेलरची दोन्ही टोकं मागे वळली होती. मला पट्ट्याचा वळ, बाकी काही नाही. विमानाला मात्र इंजिन उघडून तपासणी, आणि पुढचं चाक ज्यावर बसतं ती फायरवॉलही दुमडलेली.

धावपट्टीवरचे अपघात बहुतेक असेच असतात: खर्चिक, लाजिरवाणे. जिवावर बेततं ते सहसा त्याआधी, धावपट्टीकडे वळतानाच्या शेवटच्या वळणावर. वळण मोठं झालं म्हणून कमी वेगात विमान जबरदस्तीनं ओढलं, तर ते स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल जाते, आणि सावरायला उंचीच नसते.

पहिल्याच उडीला थ्रॉटल पूर्ण पुढे करून गो-अराउंड घेतला असता, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाऊन फेरी मारली असती, तर काही झालं नसतं. सरांनी शंभरदा घोकून घेतलं होतं. पण खाली बॅचची पोरं बघत होती, आणि डोक्यात बाबांच्या कर्जाचा हिशेब, तासाचे पैसे. (हडपसरला ग्लायडर उडवलेली मंडळी यावर हसतात. त्यांना इंजिनच नाही, उतरायचं ते एकदाच.)

म्हणून फ्लाइंग स्कूल बघायला जाल तेव्हा विमानं किती आहेत हे नंतर विचारा. आधी तिथल्या पोरांना गाठून विचारा, गो-अराउंड घेतला तर सर काय म्हणतात. आणि मुलाला आत्ताच सांगून टाका, जादा फेरीचे पैसे मी देईन.