कॅमेरा नको, आधी पोटाचं बघूया

प्रिय ताई,

तुमचं फोंड्याहून आलेलं पत्र दोनदा वाचलं. मुलगा आठवीत, शाळा दीडला सुटते. तुम्ही पणजीच्या ऑफिसातून कदंबा बस पकडून घरी पोचता तेव्हा पावणेसात वाजतात, आणि नवरा कुंडईच्या कारखान्यात पाळीवर. फ्रिजमधला हुमण-भात (माशांची आमटी आणि भात) संध्याकाळी जसाच्या तसा, कचऱ्यात चिप्सची पाकिटं, आणि हा मोबाईल घेऊन आडवा. सासूबाई म्हणतात नोकरी सोड, नवरा म्हणतो हॉलमध्ये कॅमेरा लाव, शेजारीण म्हणते सहापर्यंत ट्यूशनला घाल. 'मी आई म्हणून कमी पडते का?' असं तुम्ही शेवटी विचारलंय.

नाही पडत. आपल्याकडे गोव्यात शाळा सकाळच्या आणि ऑफिसं संध्याकाळपर्यंत, हे वर्षानुवर्षं असंच चालत आलंय. पूर्वी मधली दुपार आजी नाहीतर काकू सांभाळायची. आता फ्लॅटमध्ये ती नाही. एवढ्यासाठी नोकरी सोडू नका.

कॅमेऱ्याला माझा साफ विरोध आहे. तेरा वर्षांच्या मुलावर घरातच पहारा बसवला, तर तो कॅमेऱ्यामागची जागा शोधेल आणि तुमच्याशी बोलणं कमी करेल. रोजची ट्यूशनही नको. सातपासून शाळेत बसलेल्या पोराला परत बाकावर कशाला बसवायचं? आठवड्यातून दोन दिवस फुटबॉल किंवा तबला, त्याला आवडेल ते. बाकीच्या दुपारी थोडं लोळू दे.

आता पोट. हे वय झपाट्यानं वाढायचं. शाळेतून येऊन दप्तर टाकतो तेव्हा त्याला कडकडून भूक लागलेली असते. तो झाकण उघडतो, गार हुमणावर गोठलेलं खोबरं आणि मासळीचा वास, झाकण परत बंद. गरम करायला दुसरं भांडं काढा, ते घासा, त्यापेक्षा पाकीट फाडणं सोपं. म्हणून ज्या टोपात गरम करायचं त्याच छोट्या टोपात ठेवा: अळसांद्यांचं तोणाक (चवळीची रस्साभाजी) नाहीतर चण्याची सुकी भाजी, शेजारी पाव. टोप थेट गॅसवर. मासळी रात्री सगळे मिळून खा.

चारनंतर परत भूक लागते, आणि मला वाटतं खरी गंमत तिथेच आहे. तुमच्या वाड्यावर पोदेर, म्हणजे पाववाला, संध्याकाळीही येत असेल, तर पोयो (गोल पाव) घ्यायचं काम मुलाचं. सुटे पैसे फ्रिजवर ठेवा. दोन अंडी, अर्धा कांदा, मिरची, मीठ, आणि ते ऑम्लेट पोयोत भरायचं. दोन रविवार तुम्ही नुसत्या बाजूला उभ्या राहा, हात लावू नका. पहिलं ऑम्लेट मोडेल, मोडू दे. स्वतः केलेलं मुलं टाकत नाहीत. तव्यापुरतं तेल चालेल, पण मोठा माणूस घरात नसताना तळण अजिबात नाही, आणि काम झालं की रेग्युलेटर बंद.

गॅस नको असेल त्या दिवसासाठी पातळ फोव (पोहे), दही आणि गूळ. नाहीतर सकाळीच तिजान, म्हणजे नाचण्याची पेज, करून फ्रिजमध्ये ठेवा. शंभर ग्रॅम नाचण्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हाडं वाढायच्या वयात याहून स्वस्त काय मिळणार? केळी टेबलावर, डोळ्यांसमोर. चिप्सवर बंदी घालू नका, फक्त घरात साठा करू नका. मॅगी आठवड्यातून एकदा, त्यात अंडं आणि मटार घालून.

सोबतीचं म्हणाल तर तुमच्या त्याच शेजारणीला विचारा. एक चावी तिच्याकडे ठेवा. रोज दार वाजवायची गरज नाही, पण काही झालं तर कुणाकडे धावायचं ते त्याला ठाऊक हवं. 112 आणि मुलांसाठीचा 1098, दोन्ही नंबर त्याला पाठ असू देत. पावणेदोनला तुमचा एक फोन, आणि त्यात 'अभ्यास झाला?' नको. 'जेवलास काय?' एवढंच विचारा. मोबाईलचे नियम त्याच्यासोबत बसून ठरवा, जेवताना तो बाजूला हे पहिलं.

हे सगळं करूनही तो महिनाभर गप्पगप्प राहिला, मित्रांना टाळायला लागला किंवा झोप बिघडली, तर मग हा प्रश्न खाण्याचा नाही. शाळेतल्या समुपदेशकांना भेटा, आणि त्या दिवशी नवऱ्यालाही रजा काढायला सांगा.

तुमची,
मावशी