मुलीच्या नावाची ठेव मोडायची का?

"काहीही सांगा मॅडम, फक्त मुलीच्या शिक्षणाच्या ठेवीला हात लावायला सांगू नका."

फोनवर भेटीची वेळ ठरवतानाच त्यानं ही अट घातली होती. आर्थिक नियोजनाच्या कामात ही अट मी पुन्हा पुन्हा ऐकते. एकीकडे मुलांच्या नावानं जपलेली ठेव, दुसरीकडे फुगत चाललेली थकबाकी, आणि मध्ये अडकलेले आईबाप. त्यांच्यासाठी ही एका घराची हकिगत लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

तो एकटाच आला. दोन वर्षांपूर्वी त्याची नोकरी गेली होती आणि नवी मिळायला चार महिने लागले होते. घरी त्यानं हे सांगितलंच नाही. रोज ठरलेल्या वेळी बाहेर पडायचं, संध्याकाळी परतायचं, आणि घरखर्च क्रेडिट कार्डावर चालवायचा. पुढे नोकरी लागली, पण थकबाकी तशीच राहिली. महिन्याला तो फक्त किमान रक्कम भरत होता आणि अडीनडीला तेच कार्ड पुन्हा वापरत होता. आता थकबाकी चार महिन्यांच्या पगाराएवढी झाली होती. ठेव होती सहा महिन्यांच्या पगाराएवढी.

"बायकोला माहीत आहे?" मी विचारलं.

"नाही. तिला कळू न देता काही करता येईल का?"

मी नाही म्हटलं. पुढची भेट दोघांबरोबर झाली तरच, असंही सांगितलं. तो काही न बोलता उठून गेला. परत येईल की नाही, मला खात्री नव्हती.

या हट्टामागे माझी एक चूक आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी घरातल्या कमावत्या माणसाशीच बोलायचे. एका गृहस्थांचा आराखडा मी फार मन लावून केला होता. विमा, निवृत्ती, मुलांची शिक्षणं, सगळं त्यात होतं. वर्षभरात ते अचानक गेले. त्यांच्या पत्नी माझ्याकडे आल्या तेव्हा विमा कुठला, खाती कुठे, कर्ज किती, यातलं काहीही त्यांना ठाऊक नव्हतं. ते सगळं माझ्या फाइलीत होतं. आपल्या घराची माहिती एका परक्या बाईकडे आहे आणि आपल्याला मात्र कुणी काही सांगितलेलं नाही, हे समजताना त्यांचा झालेला चेहरा मला आजही आठवतो. तेव्हापासून मी एकट्याचा आराखडा करत नाही.

दहा दिवसांनी दोघं आले. त्यानं आदल्या रात्री तिला सांगितलं होतं. ती बसल्या बसल्या मला म्हणाली, "आधी सांगा, तुम्ही विकता काय?"

प्रश्न अगदी रास्त होता. हा व्यवसाय विक्रीच्याच जगातून निघालाय. डिसेंबर १९६९ मध्ये लॉरेन डन्टन यांनी शिकागोत बोलावलेल्या १३ जणांच्या बैठकीपासून त्याची सुरुवात धरतात. नुसती विमा किंवा फंडांची विक्री न करता माणसाच्या सगळ्या आर्थिक व्यवहारांचा एकत्र विचार व्हावा, हा त्यामागचा हेतू. तरीही दलाली आणि सल्ला यांची सरमिसळ आजही होते. म्हणून मी तिला सांगितलं, की मी फक्त सल्ल्याची फी घेते, कुठल्याही कंपनीकडून मला काही मिळत नाही. तुम्हीही कुठल्या सल्लागाराकडे गेलात तर हा प्रश्न पहिल्यांदा विचारा.

मग तिनं कार्डाची विवरणपत्रं मागितली. एकेका ओळीवर बोट ठेवून ती वाचत गेली. एका ओळीपाशी बोट थांबलं.

"माझ्या वाढदिवसाचा फोन यातलाच आहे?"

तो मान खाली घालून बसला होता. "तुला संशय येऊ नये म्हणून," एवढंच म्हणाला.

थकबाकीचा आकडा तिनं सोसला होता, तो फोन तिला सोसला नाही. बराच वेळ ती बोलली, रडली, त्यालाही रडू आलं. अशा वेळी मी हिशेबाचा कागद पुढे करत नाही. चार महिने बेकार असताना रोज खोटं बोलून घराबाहेर पडणाऱ्या माणसाची लाज आणि दोन वर्षं अंधारात ठेवलेल्या बायकोचा संताप, दोन्ही खरे असतात. आधी त्यांना जागा द्यावी लागते.

मग हिशेब मांडला. कार्डावर महिन्याला ३ टक्के व्याज लागत होतं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण व्याजावर व्याज चढत जातं, आणि काहीच न भरल्यास १०० च्या थकबाकीचे वर्षाला जवळपास १४३ होतात, दंड वेगळाच. ७२ ला व्याजदरानं भागलं की रक्कम किती काळात दुप्पट होईल ते साधारण कळतं. हा जुना ठोकताळा आहे. इटलीतल्या लुका पॅचिओलीच्या १४९४ सालच्या ग्रंथातही तो सापडतो. ७२ भागिले ३, म्हणजे २४ महिने. भागाकार तिनंच केला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

किमान रकमेचं गणित याहून फसवं असतं. व्याज धरून थकबाकीच्या ५ टक्के भरायचे आणि पुढचं व्याज ३ टक्के चढायचं. कार्ड कपाटात बंद ठेवलं तरी थकबाकी निम्म्यावर यायलाच सुमारे ३२ महिने लागतात. आणि ती ठेव? तिच्यावर वर्षाला ७ टक्के मिळत होते.

हे न कळण्याइतका तो अडाणी नव्हता. पण मनात आपण पैशाचे कप्पे करतो. हा मुलीचा, हा घरखर्चाचा, हा कर्जाचा. रिचर्ड थेलर यांनी या सवयीचा सखोल अभ्यास केला. वर्तनाच्या अर्थशास्त्रातल्या कामासाठी २०१७ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. कप्पे वाईट नसतात. त्यांच्यामुळेच ती ठेव नोकरी नसतानाही शाबूत राहिली होती. मात्र व्याजाला कप्पे कळत नाहीत. मुलीच्या ठेवीत जेवढं वाढत होतं, त्याच्या कितीतरी पट कार्डाकडे जात होतं, आणि मुलीच्या शिक्षणाचे पैसे शेवटी त्याच पगारातून यायचे होते.

"म्हणजे मोडायचीच?" त्यानं विचारलं.

मी हो म्हटलं. मुदतीआधी मोडल्यानं व्याज थोडं कमी मिळणार होतं, पण कार्डाच्या व्याजापुढे ते काहीच नव्हतं. थकबाकी एकरकमी फेडली, की दोन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम अडीअडचणीसाठी उरत होती. कार्डाचा हप्ता पगाराच्या पाचव्या हिश्श्याएवढा जात होता. तेवढीच रक्कम पुढच्या महिन्यापासून मुलीच्या नावानं टाकली, तर २० महिन्यांत मोडलेला भाग, व्याज न धरताही, भरून निघणार होता.

प्रत्येकाला मी ठेव मोडायला सांगत नाही. गृहकर्जासारखं कमी व्याजाचं कर्ज असेल तर घाई नको. ठेव मोडून हातात एक पैसाही उरत नसेल, तर पुढच्या दुखण्याखुपण्याला पुन्हा कार्डच काढावं लागतं. तिथे मी आधी बँकेशी बोलून थकबाकीचे कमी व्याजाचे हप्ते बांधून घ्यायला सांगते.

त्या दिवशी त्यांनी काही ठरवलं नाही. घरी जाऊन मुलीलाही सांगायचं, हा आग्रह आईचा. मुलगी चौदा वर्षांची होती, आणि तिच्या नावाचे पैसे तिला न विचारता हलवायला आई तयार नव्हती. पुढच्या आठवड्यात ठेव मोडली, थकबाकी फिटली.

कार्डावरून मात्र तिसऱ्या भेटीत पुन्हा वाद झाला. तिला ते बंदच करायचं होतं; त्याला प्रवासासाठी, तातडीच्या वेळेसाठी हवं होतं. शेवटी कार्ड ठेवलं, पण मर्यादा अर्ध्या पगारावर आणली आणि पूर्ण बिल खात्यातून आपोआप जाईल अशी सोय केली. दर महिन्याचं विवरणपत्र आता तिच्याकडेही येतं.