वाचकांचे प्रश्न : दोर बांधून ग्लेशियरवर, हट ते हट

मागच्या अंकात आल्प्समधल्या हट-टू-हट ट्रेकची छोटी माहिती दिली होती, म्हणजे गाइडसोबत एका दोरात बांधून ग्लेशियरवरून (हिमनदीवरून) चालायचं आणि रात्री वर डोंगरातल्याच हटमध्ये मुक्काम करायचा. त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडून भरपूर पत्रं आली. सगळी छापता येणार नाहीत, जे प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलेत ते घेतोय.

प्रश्न : नमस्कार भाऊ. मुलगा म्युनिकला असतो, तो म्हणतो जुलैत या, फ्रान्समधल्या शामोनीपासून स्वित्झर्लंडमधल्या झेरमाटपर्यंत असा पाच-सहा दिवसांचा ग्लेशियर ट्रेक करू, गाइड मी बघतो. मी 51 ची, हे 56 चे. पाटणादेवी, मनुदेवी, अस्तंबा सगळं पायी झालंय, पण बर्फावर कधी पाय ठेवलेला नाही. आम्हाला झेपेल का?
— एक शिक्षिका, जळगाव

उत्तर : ताई, बर्फावरचा ट्रेक नक्की झेपेल, पण हा रूट पहिल्यांदाच नको. शामोनी-झेरमाट म्हणजे आल्बेर प्रमिए हट 2702 मीटरवर, त्रियाँ हट 3170 वर, पुढे विन्येत 3160, बेर्तोल 3311, आणि मध्ये पा द शेव्र नावाच्या खिंडीत कातळाला ठोकलेल्या लोखंडी शिड्या, बेर्तोल तर खडकाच्या टोकावरच आहे तिथेही शेवटी शिड्याच. रोज सहा-आठ तास चालणं, पाठीवर सॅक, आणि तिसऱ्या दिवशी गुडघा बोलायला लागला तर मधूनच खाली उतरणं दरवेळी सोपं नसतं. मुलाला म्हणा तू हा पुढच्या वर्षी मित्रांसोबत कर, यंदा आम्हाला स्वित्झर्लंडमधल्या ‘आलेच’ नावाच्या ग्लेशियरवर ने.

आलेच आल्प्समधलं सगळ्यात मोठं ग्लेशियर, वीस किलोमीटरच्या आसपास लांब, 2001 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. युंगफ्राउयोखला रेल्वेनं जायचं, ते स्टेशन 3454 मीटरवर आहे आणि 1912 पासून तिथे गाडी जाते, तिथून गाइड दोर बांधतो आणि उतरत उतरत कॉनकॉर्डिया हटला मुक्काम, दुसऱ्या दिवशी ग्लेशियरवरूनच पुढे चालत मेरयेलेनच्या बाजूला बाहेर पडायचं. दोनच दिवस आणि बरंचसं उतरण, म्हणून दम कमी लागतो पण गुडघ्याची परीक्षा असते, ट्रेकिंग पोल विसरू नका. कॉनकॉर्डियाजवळ पायाखाली बर्फाचा थर आठशे मीटरच्या आसपास जाड आहे. साल्हेरचं टोक समुद्रसपाटीपासून 1567 मीटर, म्हणजे त्याच्या निम्म्याहून जास्त उंचीचा नुसता बर्फ खाली धरा. आणि तिथली पहिली हट 1877 मध्ये बांधली तेव्हा बर्फ हटच्या पन्नासेक मीटर खाली होता, आता तो दीडशे मीटरपेक्षा जास्त खाली गेलाय, म्हणून दिवसभर चालून झाल्यावर कड्याला लावलेल्या लोखंडी जिन्याच्या चारशेच्या वर पायऱ्या चढून हट गाठावी लागते. त्या पायऱ्या चढताना खाली बघा, एवढं सगळं बर्फ होतं हे डोळ्यांना पटत नाही, मनाला फार लागतं ते.

बर्फावर चालायचं कसं हे गाइड पहिल्या अर्ध्या तासात शिकवतो. बुटाला क्रॅम्पॉन म्हणजे लोखंडी दात बांधलेले असतात, आपण सवयीनं टाच आधी टेकवतो तसं नाही, सगळे दात एकदम बसतील असं पाऊल सपाट टाकायचं आणि दोन पायांत वीतभर अंतर ठेवायचं, नाहीतर एका पायाचे दात दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकतात आणि माणूस तोंडावर जातो. दोन माणसांत आठ-दहा मीटर दोर, तो फार ताणलेला नको पण जमिनीवर लोळताही नको. पुढचा थांबला की तुम्ही जिथे आहात तिथेच थांबायचं, फोटोसाठी जवळ जायचं नाही. कारण दोर ढिला झाला आणि नेमकं पायाखालचं बर्फ खचलं तर तुम्ही तेवढं जास्त खोल जाणार आणि वरच्याला तेवढाच मोठा झटका बसणार.

तयारी आत्तापासून करा. सात-आठ किलोची सॅक पाठीवर घेऊन बिल्डिंगचे जिने चढा-उतरा, थंडीच्या दिवसांत शनिवार-रविवार पाटणादेवीहून कण्हेरगड करा, एकदा साल्हेर करा. उतरताना धावू नका, एकेक पाऊल दाबून उतरा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा पहाटे सहाच्या आत चालणं उरकायचं, ट्रेकची प्रॅक्टिस म्हणून दुपारी उन्हात कोणीही जाऊ नये, हे मी अगदी हात जोडून सांगतो.

प्रश्न : दादा, आम्ही चौघं मित्र, सगळे ट्रेकर, लळिंग तर रोजचाच. गाइडचा खर्च ऐकून डोकं फिरलं, वरून त्याचं हटमधलं राहणं-खाणंपण आपल्याच डोक्यावर. जीपीएस ट्रॅक नेटवर फुकट मिळतो, तो टाकून आम्ही गेलो तर काय हरकत आहे?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, धुळे

उत्तर : मित्रा, हरकत आहे, आणि मोठी आहे. लळिंगची वाट दहा वर्षांपूर्वी जिथे होती तिथेच आज आहे. ग्लेशियर मात्र चालतं, आलेच कॉनकॉर्डियाजवळ वर्षाला दीडशे मीटरच्या वर सरकतं, शिवाय वितळतं, स्वित्झर्लंडच्या ग्लेशियरांनी 2022 आणि 2023 या दोनच वर्षांत मिळून दहा टक्के बर्फ गमावलंय. मागच्या वर्षी कोणीतरी जिथून आरामात चालत गेला तिथे यंदा क्रिव्हास म्हणजे बर्फातली खोल भेग असू शकते, आणि तुझ्या मोबाइलवरची रेघ सरळ तिच्यावरून जाईल. उघडं बर्फ असेल तर भेग निदान दिसते तरी, पण वर ताजं हिम पडलेलं असलं की ती झाकली जाते आणि वरून सगळं सपाट पांढरं मैदान. गाइड पुढे काठी खुपसत चालतो, काठी सहज आत गेली की बाजूनं वळतो, हिमाचा रंग किंचित मळका किंवा खोलगट दिसला तरी वळतो. हे डोळे वर्षानुवर्षं त्याच डोंगरात राहून तयार होतात.

शामोनीत 1820 साली मोंब्लाँ शिखरावर जाताना हिम घसरलं आणि तीन गाइड क्रिव्हासमध्ये गाडले गेले. दुसऱ्याच वर्षी, 1821 मध्ये, तिथल्या गाइड लोकांनी आपली संघटना उभी केली, कोणाला किती माणसं न्यायची, पाळी कशी, घरच्यांना मदत कशी याचे नियम केले, ती संघटना आजही आहे. आणि त्या तिघांचे अवशेष 1861 मध्ये, चाळीस वर्षांनी, खाली बोसाँ ग्लेशियरच्या तोंडाशी बाहेर आले, बर्फानं त्यांना आतल्या आत तेवढं अंतर वाहून आणलं होतं. इतक्या पिढ्यांची शिकलेली गोष्ट आहे ही, तिचे पैसे वाचवू नकोस. चौघं आहात तर गाइडची फी चौघांत वाटली जाते. दिवस कमी करा, सहाऐवजी तीन करा, पण गाइड घ्या. घेताना आयएफएमजीए किंवा यूआयएजीएम हा बिल्ला आहे का ते विचारा, एकाच संस्थेची दोन नावं आहेत.

आणि गाइड मागे फिरा म्हणाला की फिरायचं. 2022 च्या उन्हाळ्यात इतकी गरमी झाली की मॅटरहॉर्न आणि मोंब्लाँच्या नेहमीच्या रूटवर गाइड मंडळींनी काही काळ लोकांना न्यायचंच बंद केलं, हातचा सीझन सोडून. पैसे भरलेत, खान्देशातून एवढ्या लांब आलोय, असं म्हणून त्याच्याशी वाद घालू नका. तो पहाटे चार-पाचला उठवतो तेही याचसाठी, रात्री गोठलेला स्नो ब्रिज, म्हणजे भेगेवरचा हिमाचा पूल, सकाळी वजन पेलतो आणि दुपारी तोच मऊ पडतो.

प्रश्न : आम्ही माळकरी आहोत, अंडंसुद्धा चालत नाही. तिकडे वर खायला काय मिळेल? आणि हटमध्ये बायकांसाठी वेगळी सोय असते का?
— पाचोऱ्याच्या एक वाचक

उत्तर : मावशी, जेवणाची काळजी बुकिंग करतानाच मिटवायची. व्हेजिटेरियन एवढंच लिहू नका, मांस-मासे-अंडं काही नाही असं स्पष्ट लिहा आणि पोचल्यावर हटच्या बाईंना किंवा बाबांना पुन्हा सांगा. सूप, ब्रेड, पास्ता, भात, बटाटे, चीज मिळतं, सकाळी ब्रेड-जॅम-चहा. चीजमध्ये रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला घातलेला पदार्थ, असतं, ते बऱ्याचदा जनावराचं असतं, कडक पाळत असाल तर तेही आधीच टाळायला सांगा. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे ठेवा, पण थोडंच, कारण तेच पाठीवर वाहायचंय. दशम्या दोन-तीन दिवस चांगल्या टिकतात आणि थंडीत गूळ-शेंगदाण्यासारखं काही नाही.

राहण्याचं म्हणाल तर वेगळी खोली बहुतेक नसते, एकाच लांब माचावर गाद्या लावलेल्या आणि बाया-माणसं शेजारी शेजारी. आपल्याला जरा अवघड वाटतं, पण लोक फार शिस्तीत राहतात, दहाला दिवे बंद की चिडीचूप. सगळा ग्रुप एका कडेला झोपेल असं गाइडला सांगितलं की तो बघतो. ब्लँकेट तिथलं असतं, पण आत घालायची पातळ चादरीची पिशवी, लायनर म्हणतात तिला, ती आपली न्यावीच लागते. बूट दाराशीच काढून ठेवायचे आणि आत हटच्या चपला घालायच्या. आंघोळ विसरा. पिण्याचं पाणी बऱ्याच ठिकाणी विकत, कारण सामान हेलिकॉप्टरनं येतं आणि नळाचं पाणी म्हणजे वितळलेलं बर्फ. थोडे रोख युरो किंवा फ्रँक जवळ ठेवा.

प्रश्न : वय 63, रेल्वेतून रिटायर, बीपीची गोळी चालू आहे. उंचीचा त्रास होईल का?
— भुसावळ

उत्तर : काका, अडीच हजार मीटरच्या वर कोणालाही होऊ शकतो, वय आणि ताकद बघून तो येत नाही. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही सुरुवात, ती लपवू नका, गाइडला लगेच सांगा, वाढली तर खाली उतरणं हाच उपाय. आधी एक-दोन रात्री दीड-दोन हजार मीटरवर काढा. गोळी सुरू ठेवायची की डोस बदलायचा, डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही, हे तुमचे डॉक्टर ठरवतील, स्ट्रेस टेस्ट करून मगच तिकीट काढा.

प्रश्न : युरोप आमच्या खिशाबाहेर. भारतात असं काही आहे का?
— शेतकरी, शहादा तालुका

उत्तर : आहे भाऊ, आणि फार सुंदर आहे. उत्तराखंडातल्या कुमाऊँत पिंडारी ग्लेशियरच्या वाटेवर कुमाऊँ मंडल विकास निगमची विश्रामगृहं आहेत, खाती, द्वाली, फुर्किया अशी, तंबू न नेता एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर जाता येतं. भुसावळहून दिल्ली, दिल्लीहून काठगोदाम, तिथून गाडीनं बागेश्वरकडे. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर, पावसाळ्यात नको, दरडी कोसळतात. तिथे तुम्ही ग्लेशियरवर चालत नाही, समोर जाऊन उभे राहता, म्हणून दोर-क्रॅम्पॉनची गरज नाही, पण गावातला वाटाड्या घ्या, त्याच्या घरालाही चार पैसे मिळतात.

घरात कॉलेजचं पोरगं असेल आणि त्याला खरंच बर्फावरचं शिकायचं असेल तर उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटचा बेसिक कोर्स बघा. ती 1965 पासूनची संस्था, जवळजवळ महिनाभराचा कोर्स, डोकरानी बामक ग्लेशियरच्या भागात नेऊन दोर, आइस ॲक्स म्हणजे बर्फाची कुदळ, क्रिव्हासमधून माणूस काढणं सगळं हातानं करून घेतात. परदेशात टूरवर जाण्याच्या मानानं खर्च फारच कमी आणि हे शिकलेलं जन्मभर राहतं. तोरणमाळच्या पायथ्याची पोरं चढायला कमी नाहीत, त्यांना कोणी हे सांगतच नाही. तुमच्या गावच्या शाळेत हे पान नक्की वाचून दाखवा.

प्रश्न : इन्शुरन्स, व्हिसा आणि बूट यात काय बघायचं?
— चाळीसगाव, अमळनेर आणि दोंडाईचाहून आलेली पत्रं

उत्तर : शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाला, किमान 30,000 युरोचं मेडिकल कव्हर लागतंच, पण साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत दोर लावून केलेलं माउंटेनिअरिंग बऱ्याचदा वगळलेलं असतं, ते वाक्य शोधून वाचा आणि हेलिकॉप्टर रेस्क्यू त्यात आहे का ते लेखी घ्या. व्हिसा जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे मागायचा, सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, जुलैत जायचं तर मार्चपर्यंत कागद तयार ठेवा. युरोपात इमर्जन्सी नंबर 112.

गॉगल कॅटेगरी चारचा, म्हणजे सगळ्यात गडद काचेचा, कारण ताजं हिम ऐंशी टक्क्यांपर्यंत ऊन परत फेकतं, नाकाच्या खालून आणि हनुवटीखालूनही भाजतं, सनस्क्रीन तिथेपण लावा. क्रॅम्पॉन, हार्नेस म्हणजे दोर अडकवायचा कमरेचा पट्टा, आइस ॲक्स तिकडे भाड्यानं मिळतं, ते इथून वाहून नेऊ नका. बूट मात्र स्वतःचेच, घोट्याच्या वर येणारे, कडक तळाचे, क्रॅम्पॉन बसतील असे, आणि ते निघायच्या दोन-तीन महिने आधी घेऊन दोन जोड मोज्यांसकट रोज घालून फिरा, फोड यायचे ते इथेच येऊन बरे होऊ देत.