सर्टिफिकेटवर नुसती नावं छापायची आहेत

प्रश्न: शाळेने प्रेसमधून १५० रंगीत सर्टिफिकेटं छापून आणलीत, त्यावर फक्त मुलाचं नाव, इयत्ता आणि नंबर टाकायचाय. एक सर्टिफिकेट स्कॅन करून मी वर्डमधे मजकुराच्या मागे ठेवलं, म्हणजे नाव बरोबर रेघेवर बसेल, पण प्रिंट मारली की ते चित्रपण छापून येतं, नक्षीवर नक्षी. चित्र स्क्रीनवर दिसेल पण कागदावर येणार नाही असं काही आहे का? (शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर: आहे मॅडम, पण वर्डमधे ते सोयीचं नाही. वर्डमधे असं पानात घातलेलं चित्र एरवी छापलं जातं; फाइल, ऑप्शन्स, डिस्प्ले इथे 'प्रिंट ड्रॉइंग्ज क्रिएटेड इन वर्ड'ची टिक काढून ते थांबवता येतं, पण ते सेटिंग त्या मशीनवरच्या सगळ्याच फाइल्सना लागतं. तिथे डिझाइन टॅबमधल्या पेज कलरमधून चित्र टाकलं तर ते एरवी छापलं जात नाही हे खरं, पण ते पानाच्या मापाला नेमकं बसत नाही, फरशीसारखं शेजारी शेजारी पुन्हा उमटतं, मग रेघ जुळवणार कशी? तुमच्या कामाला लिबरऑफिस रायटर घ्या, वर्डसारखाच प्रोग्राम आहे, फुकट आहे. पान ए-फोर आडवं करा, स्कॅन केलेलं चित्र घाला (स्कॅनरवरच घ्या, मोबाईलचा फोटो नको, कडा तिरक्या येतात आणि सगळं माप चुकतं), मग चित्रावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधे जा, रुंदी २९.७ आणि उंची २१ सेंटिमीटर करा, अँकर 'टू पेज' ठेवा, जागा अख्ख्या पानाच्या हिशोबाने डावीकडून शून्य आणि वरून शून्य, रॅपमधे 'थ्रू' निवडून 'इन बॅकग्राउंड'वर टिक करा. आता त्याच खिडकीत ऑप्शन्स टॅब उघडा, तिथे 'प्रिंट' लिहिलेला चौकोन असतो, त्यातली टिक काढा. झालं, चित्र समोर दिसत राहील, कागदावर फक्त नाव. फाइल ओडीटीमधेच (रायटरचा स्वतःचा फॉरमॅट) सेव्ह करा, वर्डच्या फॉरमॅटमधे केलीत तर ही खूण टिकत नाही.

पण लगेच खरं सर्टिफिकेट प्रिंटरमधे घालू नका, प्लीज. आधी साध्या कागदावर एक प्रिंट काढा, तो कागद सर्टिफिकेटवर ठेवून दोन्ही खिडकीच्या काचेला धरा, मागून उजेड आला की नाव रेघेच्या किती वर-खाली पडतंय ते लगेच कळतं. समजा २ मिलिमीटर वर पडलं तर पानाचा वरचा मार्जिन तेवढाच वाढवा. स्क्रीनवर मग नाव रेघेखाली गेलेलं दिसेल, दिसू दे, कागदावर बरोबर पडणं महत्त्वाचं, प्रत्येक प्रिंटर कागद थोडा वेगळाच ओढतो. प्रेसकडून आलेली सर्टिफिकेटं मोजून असतात आणि एक वाया गेलं तर एखाद्या पोराचं हाताने लिहावं लागतं, त्याला ते लागतं मनाला, म्हणून एवढं सांगतोय.

प्रश्न: पांढऱ्या पानाने डोळे चुरचुरतात म्हणून वर्डमधे पानाला फिका पिवळा रंग दिलाय. घरी प्रिंट पांढरीच येते, पण झेरॉक्सच्या दुकानात ४० पानं पिवळी आली आणि कलरचे पैसे द्यावे लागले. फाइल तर तीच होती! (भाषांतरकार, ठाणे)

उत्तर: फाइल तीच, कॉम्प्युटर वेगळा, गोम तिथेच आहे. रंग फाइलमधे असतो, पण तो छापायचा की नाही हे ज्या मशीनवर उघडाल तिथलं वर्ड ठरवतं. फाइल, ऑप्शन्स, डिस्प्ले इथे 'प्रिंट बॅकग्राउंड कलर्स अँड इमेजेस' असं सेटिंग असतं, ते सहसा बंदच असतं, दुकानात कोणीतरी आधीच्या गिऱ्हाइकासाठी चालू केलं असणार. बाहेर प्रिंटला देताना पेज कलर 'नो कलर' करून वेगळी कॉपी काढा, घरची पिवळीच राहू दे. आणि वॉटरमार्क (मजकुरामागे फिकट दिसणारी अक्षरं किंवा चित्र) म्हणजे पेज कलर नव्हे, बरेच जण गल्लत करतात, वॉटरमार्क छापला जातो.

प्रश्न: सोसायटीच्या एक्सेल हिशोबाला मागे इमारतीचा फोटो लावलाय, स्क्रीनवर छान दिसतो, प्रिंटमधे गायब. मला तो हवाय. (सेक्रेटरी, पुणे)

उत्तर: पेज लेआउटमधल्या 'बॅकग्राउंड'ने लावलेला फोटो एक्सेल कधीच छापत नाही, तो फक्त बघण्यापुरता. छापायला हवा असेल तर हेडरमधे पिक्चर म्हणून घाला, आणि फॉरमॅट पिक्चरमधून एकदम फिका करा, नाहीतर मेंटेनन्सचे आकडे वाचता येणार नाहीत.