टास्मानियातली कालवं आणि व्हायरस

प्रश्न: माझा भाचा टास्मानियात होबार्टजवळ कालवांच्या फार्मवर कामाला आहे. तो सांगतो, जानेवारी-फेब्रुवारीत तिथे सगळ्यांचा डोळा पाण्याच्या तापमानावर असतो आणि कालवं एका खाडीतून दुसरीकडे न्यायची तर परवानगी लागते, कसलातरी व्हायरस आहे म्हणे. एवढं काय आहे त्यात? आणि पोरगा तीच कालवं खातो, त्याला काही होणार नाही ना?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: आधी भाच्याचं, हा व्हायरस माणसाला लागत नाही, त्यामुळे ती काळजी सोडा. पण पॅसिफिक जातीच्या कालवांना मात्र तो भयंकर आहे. हर्पिसच्या कुळातला आहे, रोगाला तिथे पॉम्स (पॅसिफिक ऑयस्टर मॉर्टॅलिटी सिंड्रोम) म्हणतात. 2008 ला फ्रान्समध्ये याच्या नव्या प्रकाराने कालवांचं बीज, म्हणजे अगदी लहान कालवं, मरायला लागलं, 2010 ला तो सिडनीच्या जॉर्जेस नदीत सापडला, 2013 च्या जानेवारीत हॉक्सबरी नदीत काही दिवसांत लाखो कालवं गेली आणि 2016 ला टास्मानियात पोचला. ऑस्ट्रेलियातलं बहुतेक बीज टास्मानियातूनच जायचं, म्हणून साउथ ऑस्ट्रेलिया राज्याने ते घेणं लगेच बंद केलं. परवानगीची भानगड तिथून आली.

औषध नाही, लस नाही. उघड्या खाडीत औषध टाकणार तरी कुठे? म्हणून सगळा भर पाळत ठेवण्यावर. टास्मानियात पाणी आठवडाभर सरासरी 19 अंशांच्या वर राहिलं की धोका सुरू, त्यामुळे भाचा सांगतो ते अगदी बरोबर आहे.

मला यातलं सगळ्यात आवडलेलं काम सिडनी विद्यापीठाच्या लोकांनी जॉर्जेस नदीच्या वूलूवेअर बेमध्ये केलंय. निरोगी बीज टोपल्यांत भरून पाण्यात ठेवायचं, अधूनमधून त्यातली काही काढून कल्ल्यांचा तुकडा पीसीआरला लावायचा, म्हणजे व्हायरस कधी आला ते कळतं. त्यात दिसलं काय तर एक टोपली पार मेलेली आणि शेजारची ठणठणीत, म्हणजे व्हायरस पाण्यात सारखा पसरलेला नसून बारीक कणांना चिकटून झुबक्याने येत असणार. त्यावरून हॅचरीसाठी (जिथे बीज तयार करतात) उपाय निघाला, पाणी 5 मायक्रॉनच्या, म्हणजे अगदी बारीक गाळणीतून गाळा नाहीतर 48 तास साठवून मग वापरा, बीज वाचतं! शिवाय वाचलेल्या, धडधाकट दिसणाऱ्या कालवातही व्हायरस राहू शकतो, म्हणून नुसती मेलेली मोजून भागत नाही, जिवंत पण तपासावी लागतात.

प्रश्न: आमच्या खाडीत पण कालवं आहेत, तसं काही दिसलं तर काय करायचं?
(एक वाचक, मालवण)

उत्तर: आपल्या खाड्यांतली कालवं वेगळ्या जातीची आहेत, त्यामुळे तिकडचं ऐकून घाबरू नका, पण एकदम मर दिसली तर गप्पही बसू नका. आजारी कालव शिंपला उघडा ठेवून पडतं, टिचकी मारली तरी मिटत नाही, अशी मरायला टेकलेली पण जिवंत असतील तीच तपासणीसाठी बर्फाच्या पेटीत ठेवा, कुजलेल्यावरून फार काही कळत नाही. तारीख, जागा, पाऊस कधी पडला ते लिहून ठेवा आणि मत्स्य विभागाला लगेच कळवा. 2023 पासून सरकारचं 'रिपोर्ट फिश डिसीज' ॲप पण आहे, त्यावर फोटो टाकता येतो. आणि निकाल येईपर्यंत तिथलं बीज, दोऱ्या, टोपल्या दुसऱ्या खाडीत नेऊ नका.